भाषांची भावकी

जहांगीर चाऊस केळीचे घड मोजायला लागला की बागेतली पाखरंसुद्धा गप्प बसतात, असं मुदखेडकडचे लोक म्हणतात. लोकांचं काय, लोक काहीही म्हणतात. पण ती मोजणी ऐकण्यासारखी असायची हे मात्र खरं. ट्रकच्या फाळक्याला हात टेकून तो खड्या आवाजात म्हणायचा, "वाहिद, इस्नैन, सलासा, अरबा, खम्सा..." आणि खांद्यावर घड घेतलेली माणसं त्या तालावर चालायची. त्याचे दादा, म्हणजे आजोबा, निजामाच्या फौजेत शिपाई म्हणून अरबस्तानातल्या हद्रमौतहून आले आणि नांदेडला राहिले ते राहिलेच. फौज गेली, निजाम गेला, बंदुका गेल्या. नातवाच्या हाती केळी पिकवायची वखार आली आणि तोंडात ही मोजणी. दुसऱ्या व्यापाऱ्याला आकडा कळू नये म्हणून दादा असे मोजायचे, असं तो सांगायचा. आता केळी काट्यावर जातात, आकडा साऱ्या जगाला दिसतो, तरी हा गडी अरबीतच मोजतो. सवय म्हणा, नाहीतर मिजास म्हणा.

गुणाबाईनं ही मोजणी लग्न होऊन आल्यापासून ऐकलेली. तिचे मालक हणमंतराव होते तेव्हाही बाग जहांगीरच घ्यायचा, ते गेल्यावरही तोच घेतो. म्हणून सून येणार हे ठरल्यावर तिला पहिलं नाव आठवलं ते त्याचं.

सून कुठली, ते आधी सांगायला पाहिजे. गुणाबाईचं माहेर शिरूर अनंतपाळचं. तिचा थोरला मुलगा हरिओम लातूरला मामाकडं राहून शिकला आणि तिकडच्याच एका साखर कारखान्यात केमिस्ट म्हणून लागला. आपल्याकडचे साखरेतले लोक म्हणजे पाण्याची जात, उतार दिसला की निघाले. कुणी सुदानला जातो, कुणी युगांडाला. हरिओम इथिओपियाला गेला. "दोनच वरसाचा करार हाय, माय," म्हणून गेला आणि तिथल्याच चाल्तू नावाच्या मुलीशी लग्न करून बसला. गुणाबाईनं अबोला धरला. मग नात झाली, तिचं नाव हावी ठेवलं, आणि फोनवर त्या नातीच्या बारीक बारीक वेण्या बघितल्या तशी आजीचा अबोला कुठल्या कुठे पळाला. "अगं, एवढ्या येण्या घालतंय कोन? हात दुखत न्हाईत का तुझ्या मायचे?" ती विचारायची. नात खुदकन हसायची आणि फोनसमोरून पळायची. तिला मराठीचा ठिपूसही कळत नव्हता.

"शिकवतो की, माय," हरिओम म्हणायचा. "औंदा सुट्टीत घेऊन येतो, आपोआप शिकंल."

औंदाचं औंदा तसंच राहिलं. मागच्या वर्षी त्याला कावीळ झाली आणि पंधरवड्याच्या आत तो गेला. अग्नीही तिथंच दिला. धाकटा भागवत जाणार तर त्याच्याकडं पासपोर्ट नव्हता.

भागवतनं मोडक्यातोडक्या इंग्रजीत फोनवर वहिनीला विचारलं होतं, शेवटी काय झालं म्हणून. पलीकडून नुसतं रडणं आणि त्या रडण्यातून एक-दोन शब्द. "शांतपनं गेला म्हनती," त्यानं आईला सांगितलं.

गुणाबाईला हे पटेना. हरिओम आणि शांत? जो पोरगा झोपेतसुद्धा बडबडायचा! रानडुकरं येतात म्हणून तिनं दोन्ही पोरं घेऊन बागेतल्या खोपीत राखणीचे हंगाम काढलेले. एकच बाज, त्यावर तिघं. हरिओमच्या बडबडीनं धाकटा जागा होऊन रडायचा. असा पोरगा न बोलता जाईल? काहीतरी बोललाच असणार. काय बोलला, तेवढंच तिला पाहिजे होतं. दुसऱ्या कशात तिचा जीव नव्हता. भाकरीचा तुकडा मोडताना, वैरण टाकताना, देवापुढं दिवा लावताना तिच्या मनात तेवढं एकच यायचं: शेवटी काय म्हणाला असेल माझा हरिओम? आणि हे तिला भागवतच्या तोंडून विचारायचं नव्हतं. बाईला तिच्या नवऱ्याचं मरण विचारायचं, तर समोर बसून, तिचा हात हातात धरून, तिच्या बोलीत विचारावं. तिसऱ्याच्या तोंडून असले प्रश्न जात नाहीत, असं तिचं मत. आणि गुणाबाईचं मत म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

तर वर्षश्राद्धाला चाल्तू मुलीला घेऊन येणार असं ठरलं, आणि गुणाबाई मुदखेडला गाडीत बसून नांदेडला जहांगीरच्या दारात उभी राहिली.

"जहांगीरभाऊ, मला तुमची तिकडची भाषा शिकवा."

"कुन्कडची, भाबी?"

"समिंदराच्या पल्याडची. तुमचे दादा बी तिकडूनच आलते ना? माझी सून यायलीय."

आता इथं एखादा सरळ माणूस म्हणाला असता, की भाबी, अरबस्तान वेगळं, इथिओपिया वेगळं, दोहोंच्या मधे अख्खा समुद्र पडलाय. पण जहांगीरच्या दारात येऊन आजवर कुणी त्याची भाषा मागितली नव्हती. सगळे केळीच मागायचे. त्याच्या पोटच्या मुलीनं, मनतशानं, ती मोजणीसुद्धा कधी पाठ केली नाही. म्हातारपणी असं मागणं आल्यावर त्याची छाती वीतभर फुगली.

"हौ, त्यात काय! शिकवतो की," तो म्हणाला.

आतून त्याच्या बायकोचा, गौसियाचा आवाज आला, "मेरेकू तो आजतक एक लफ्ज नहीं सिखाए!"

"तू पूछीच कब?" जहांगीर म्हणाला, आणि शिकवणी सुरू झाली.

अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच. जहांगीरला अरबी म्हणजे मोजणी, नमाजातल्या आयती आणि दादांच्या तोंडचे थोडे शब्द. बैत म्हणजे घर. मा म्हणजे पाणी. उम्म म्हणजे आई, बिन्त म्हणजे मुलगी, कल्ब म्हणजे काळीज. वाक्य कसं करायचं हे त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. मग तो शब्दावर शब्द ठेवून विटा रचल्यासारखं काहीतरी रचून द्यायचा, आणि गुणाबाई ते पदरात बांधून गाडीत बसायची. घरी म्हशीला हौदावर नेताना "मा, मा" म्हणायची. भागवतच्या काळजाचा ठोका चुकला.

"माय, बरी हायस ना तू?"

"उम्म म्हन," गुणाबाई म्हणाली.

खरं तर तिला एकच वाक्य पाहिजे होतं. पण ते जहांगीरला सांगायला तिची जीभ रेटेना. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, असं चाललेलं. आधी घर-पाणी येऊ दे, मग विचारू, असं करता करता दीड महिना गेला. एवढ्यात एका दुपारी मनतशा विद्यापीठातून लवकर घरी आली. ती तिथं भाषाशास्त्र शिकते. बापाची शिकवणी ती दारातूनच ऐकत उभी राहिली आणि मग चप्पल न काढताच तिनं विचारलं, "मावशी, तुमची सून बोलते कोणती भाषा?"

"तिकडचीच की गं."

"तिकडची म्हंजी? नाव काय?"

गुणाबाईनं कपाळाला आठी घालून आठवलं. "ओरोमो का काय म्हनायचा हरिओम."

मनतशानं बापाकडं पाहिलं. बापानं छताकडं पाहिलं.

"अब्बा, ओरोमो अरबी न्हाई."

गुणाबाईचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. "म्हंजी दीड महिना मी म्हशीला अरबी शिकवली?" ती उठलीच. "जहांगीरभाऊ, येत न्हवती तर न्हाई म्हनायचं. माझी सून चार दिसाला येऊन उभी राहील. मी तिच्याम्होरं घड मोजू का?"

जहांगीरनं मान खाली घातली. मग तो बोलला, पण सबब सांगायला म्हणून नाही.

"भाबी, आमचे दादा शेवटी शेवटी उर्दू विसरले, मराठी विसरले. आठ दिवस नुस्ते अरबीत बोलून राहिलते. मी त्यांच्या उशाला बसून हौ दादा, हौ दादा करून राहिलतो. काय मागून राहिले, पानी मागून राहिले का कुणाला बोलवून राहिले, काहीच कळालं न्हाई. तवापासून वाटतंय, कुणीतरी यावं अन मला म्हणावं, जहांगीर, ही भाषा तुला येते. तुम्ही म्हणलात. माझ्यानं न्हाई म्हणवलं न्हाई."

गुणाबाई परत खाली बसली. तिचा राग असा होता, पेंढीच्या आगीसारखा, भडका मोठा आणि राख मूठभर. आणि आता लपवायलाही काही उरलं नव्हतं. तिनं ते एक वाक्य सांगून टाकलं. हरिओम शेवटी काय म्हणाला, एवढं तिला सुनेच्या बोलीत विचारायचं होतं. ते ऐकून गौसियानं डोळ्याला ओढणी लावली, आणि मनतशानं इतक्या वेळानं चपला काढल्या.

"बघा मावशी," मनतशा म्हणाली, "अरबी अन ओरोमो अगदीच परक्या न्हाईत. एकाच कुळातल्या हाईत. आफ्रो-आशियाई भाषाकुळ म्हणतात त्याला."

"कूळ म्हंजी आपल्या भावकीसारखं?"

"तसंच म्हणा."

भावकी म्हटल्यावर गुणाबाई सावरून बसली. हा तिचा हातखंडा विषय. गावातल्या कुठल्याही घराची वाटणी ती धुऱ्यासकट सांगू शकते.

"किती भाऊ?"

"सहा धरतात. थोरली पाती सेमिटिक. अरबी त्यात, ज्यूंची हिब्रू त्यात, इथिओपियातली अम्हारिक बी त्यातच."

"म्हंजी अम्हारिकवाली सून केली असती तर आमचं थोडं तरी भागलं असतं," जहांगीर पुटपुटला. कुणी त्याच्याकडं लक्ष दिलं नाही.

"दुसरा भाऊ प्राचीन इजिप्तची भाषा. त्याचा वंश बोलण्यातून गेला. त्यातली शेवटची कॉप्टिक, ती आता नुस्ती चर्चमधल्या प्रार्थनेत उरलीय. तिसरा बर्बर, मोरोक्को-अल्जीरियाकडं, वाळवंटात. चौथा चाडिक, नायजेरियातली हाउसा त्यातली. पाचवा कुशिटिक. सोमाली त्यातली, अन तुमच्या सुनेची ओरोमो त्यातलीच."

"अन सहावा?"

"ओमोटिक. इथिओपियाच्याच एका कोपऱ्यात. पण तो खरंच ह्या घरचा का न्हाई, ह्याच्यावर पंडितांचं भांडण चालू हाय."

"असतोय एक," गुणाबाई समजुतीनं म्हणाली. "सातबाऱ्यावर त्याचं नाव चढू देत न्हाईत. अन ह्या सगळ्यांचा बाप?"

"बाप हजारो वर्षांपूर्वीचा. त्याचं एक वाक्य बी कुणी लिहून ठेवलेलं न्हाई. मूळ घर आफ्रिकेत का आशियात, त्याचा बी वाद हाय. नुस्तं लेकरांच्या तोंडावळ्यावरून बाप कसा असंल ते ताडायचं."

फोटोसुद्धा नसलेला बाप आणि जगभर पांगलेली त्याची लेकरं, एकमेकांना न ओळखणारी. तिला उगीच भरून आलं. "मग वाटणीत सारखं काय ऱ्हायलं? भांडंकुंडं तरी?"

मनतशा हसली. "लई थोडं. पण बघा, अरबीत 'मी'ला अना म्हणतात. ओरोमोत अनी."

"बघ की," गुणाबाई म्हणाली, "सगळं वाटून जातंय, 'मी' तेवढा ज्याच्या त्याच्याजवळ ऱ्हातोय. आमच्या भावकीत बी तेच झालं."

जहांगीर मात्र अजून दुसऱ्या भावावरच अडकला होता. "नुस्ती प्रार्थनेत उरली म्हणलीस ना ती," तो मुलीला म्हणाला. "माझी बी तशीच समज. प्रार्थनेत अन केळीत."

मनतशा बोलघेवडी नव्हती, कामाची होती. विद्यापीठात ओरोमो बोलणारा एक संशोधक विद्यार्थी होता. तो सुट्टीला मायदेशी निघण्याच्या आदल्या दिवशी तिनं त्याला गाठलं आणि ते एक वाक्य त्याच्या आवाजात फोनवर घेतलं: "डुमा इर्रत्ती माल जेडे?" शेवटी काय म्हणाला? तिनं त्याला नातीच्या नावाचाही अर्थ विचारून घेतला. हावी म्हणजे आस, ओढ. गुणाबाईनं ते नाव पुन्हा एकदा म्हणून पाहिलं. नाव ठेवताना हरिओमच्या मनात काय होतं, हे विचारायलाही आता तो नव्हता.

ते वाक्य मग तिनं घोटलं. दळण निवडताना, केळीची वाळली पानं काढताना, गाडीत खिडकीशी बसून. मुदखेडच्या फलाटावर भागवत मोठ्या बॅगा उतरवून घेत होता तेव्हाही तिचे ओठ हलत होते. हैद्राबादकडून आलेल्या गाडीतून आधी हावी उतरली. फोनमधल्यापेक्षा उंच. तिच्या मागं चाल्तू, अंगावर काठाची पांढरी शाल. तिनं वाकून गुणाबाईचा हात धरला, त्यावर ओठ टेकले आणि म्हणाली, "माय."

गुणाबाईची शाळा तिथंच सुटली. सगळं वाक्य डोक्यातून उडालं. सुनेला हे नाव कुणी शिकवलं, ते का सांगायला पाहिजे! हरिओमच्या तोंडात आईचं नावच ते होतं. दोघी फलाटावर एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि रडायला काही कुठली भाषा लागली नाही. पण रडून झाल्यावर दोघींना बोलायला एक शब्द नव्हता, आणि ते रडण्यापेक्षा जड होतं.

वर्षश्राद्ध पार पडलं. भावकी जेवून पांगली. तिसऱ्या प्रहरी ओसरीवर घरचेच उरले. जहांगीर आणि मनतशा आलेले होते. चाल्तूनं बॅगेतून कॉफीचे हिरवट दाणे काढले, तव्यावर भाजले, खलबत्त्यात कुटले आणि बरोबर आणलेल्या काळ्या मातीच्या सुरईत उकळले. धूर सगळ्या घरात फिरला. भागवतनं इंग्रजीत विचारून सांगितलं, त्यांच्याकडं एकाच पुडीवर तीनदा पाणी घालून तीन पेले पितात, तिसरा घेतल्याशिवाय उठायचं नसतं. पहिला पेला गुणाबाईला कारल्याच्या रसासारखा लागला. दुसरा जरा बरा. तिसरा पेला देताना चाल्तू त्याचं नाव म्हणाली, "बरका."

जहांगीर ताडकन सरळ झाला. "हा शब्द माझा हाय! बरकत!"

"हा भावकीतला न्हाई, अब्बा," मनतशा हळूच म्हणाली. "अरबीतून उसना गेलेला."

"उसना का हुईना. शेजारी देनंघेनं व्हतं म्हंजी झालं," तो म्हणाला आणि तो पेला त्यानं दोन्ही हातांत धरला, दादांच्या हातचा असावा तसा.

गुणाबाई बाजेवर बसली होती. खोपीतली तीच जुनी बाज, दोनदा सुतळी बदललेली. तिनं पेला खाली ठेवला, चाल्तूला जवळ बोलावून तिचा हात हातात घेतला आणि तिच्या डोळ्यांत बघत एकेक शब्द ठेवत म्हणाली, "डुमा इर्रत्ती माल जेडे?"

चाल्तूचा चेहरा बदलत गेला. सासूच्या तोंडून, एवढ्या लांबच्या गावात, आपली बोली! तिनं तोंडावर हात ठेवला. आणि मग बांध फुटावा तशी ती बोलायला लागली. रडत बोलली, हात हलवत बोलली, दवाखान्याची खाट किती उंच होती ते दाखवून बोलली, थांबेचना. गुणाबाई मान हलवत राहिली. शेजारी जहांगीर मान हलवत राहिला. आणि हळूहळू सगळ्यांच्या लक्षात आलं की ह्यातलं कुणालाही काहीही कळत नाहीये.

धन्य ती मंडळी! प्रश्न पाठ केला, रात्रंदिवस घोटला, पण उत्तर आलं तर ते कळायचं कसं, हा विचार कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. भाषाशास्त्रवालीच्यासुद्धा नाही. गुणाबाईला आजवर कधी एवढं एकटं वाटलं नव्हतं, हणमंतराव गेले तेव्हाही नाही. उत्तर समोर होतं, तिच्या हातात हात देऊन बसलेलं होतं, आणि ते तिच्या कामाचं नव्हतं. उशाशी बसून हौ, हौ म्हणणारा जहांगीर तिला आता पुरता कळला.

चाल्तू एकदम थांबली. तिलाही ते उमगलं असावं. तिनं डोळे पुसले आणि अंगणात मांजरामागं फिरणाऱ्या हावीला हाक मारली. मुलगी आली. आई तिच्या कानात काहीतरी म्हणाली. हावीनं फ्रॉक नीट केला, दोन्ही हात अंगाला लावले, शाळेत कविता म्हणायला उभं राहतात तशी आजीसमोर उभी राहिली आणि डोळे मिटून म्हणाली,

"माय, सरक की जरा. मला बी जागा दे."

मराठीत. आणि तेही बागेतल्या मराठीत, हेल जिथल्या तिथं.

भागवतच्या हातातला पेला तसाच राहिला. बाजेवरच्या त्या रात्री त्यालाही आठवल्या. तो आईच्या कुशीत, आई मधे आणि थोरला काठावर. झोपेत कधीतरी हरिओम हेच म्हणायचा, रोज म्हणायचा, आणि आई झोपेतच सरकायची. सकाळी दोघांनाही त्यातलं काही आठवायचं नाही.

चाल्तू आता भागवतशी इंग्रजीत बोलत होती, सावकाश, त्याला कळेल असं. त्यानं आईला सांगितलं, "माय, दादा शेवटी हेच बोलून राहिलता म्हन. सारखं. वहिनीला कायच कळंना. त्यातलं 'माय' तेवढं कळालं. म्हनली, निरोप तुला हाय, तर तुलाच द्यायचा. दुसऱ्या कुनाला सांगायचा न्हाई, फोनवर बी न्हाई. इसरू नये म्हनून पोरीकून रोज म्हनून घेतलं, वरीसभर. पोरीची जीभ ताजी." त्यानं वहिनीकडं पाहिलं. "अन आता ती इचारायलीय, ह्याचा अर्थ काय? तिला बी तेच पायजे व्हतं म्हनं. शेवटी काय म्हनला त्यो."

म्हणजे दोघी बायका एकच प्रश्न घेऊन वर्षभर जगल्या होत्या. एकीजवळ शब्द होते, दुसरीजवळ अर्थ होता, आणि मधे समुद्र.

भागवत इंग्रजी शब्द जुळवायला लागला. गुणाबाईनं हात वर करून त्याला थांबवलं.

"तू न्हको सांगू."

ती बाजेच्या काठाकडं सरकली. सुतळी करकरली. तिच्या शेजारी हातभर जागा झाली. तिनं त्या मोकळ्या जागेवर हात फिरवला, जसा निजलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतात, आणि नातीला म्हणाली, "ये."

हावीला तो शब्द येत नव्हता, पण ती आली आणि त्या जागेत बसली. पाय लोंबकळत सोडून तिनं आईकडं पाहिलं. चाल्तू बघत होती. काठावर सरकलेली म्हातारी, मधली ती जागा, जागेत बसलेलं पोर. बघता बघता तिनं शालीचा काठ तोंडात धरला, आणि वर्षभर सांभाळलेलं ओझं उतरल्यासारखे तिचे खांदे खाली आले. तिला कळलं होतं.

गुणाबाई तिच्याकडं बघून आणखी थोडी सरकली.